ठिणगी आणि चाक : लष्करच्या मिस्त्रीविद्येचा एक अलिखित इतिहास



या स्मृतिव्याख्यानमालेचे पुष्प गुंफण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गुरुजींचे संस्कार लष्करातील कित्येक घरांवर झालेले आहेत. त्यांचे गुणवर्णन करण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत, म्हणून त्या वाटेस मी जात नाही. मी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकविले. इतिहास हा माझा व्यासंग आहे, व्यवसाय नव्हे. तेव्हा जे काही सांगेन ते यंत्रांच्या सहवासात राहिलेल्या माणसाचे इतिहासचिंतन आहे, असे समजून ऐकावे.

व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने बोलावे ते महादजी शिंद्यांवर, राजकवी तांब्यांवर किंवा ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालगायकीवर, अशी आपली समजूत आहे आणि ती अवाजवी नाही. परंतु ज्या जयेंद्रगंजात आपण आज जमलो आहोत, तेथील रस्त्याच्या कडेला लाकडी पेटीवर बसून स्कूटरचे ‘मॅग्नेट’ उतरविणारा आणि ‘टायमिंग बांधून’ देणारा मिस्त्री हाही या नगरीच्या इतिहासाचा घटक आहे. त्याच्या विद्येला गुरू होते, शिष्य होते, परिभाषा होती, कसोट्या होत्या. नव्हती ती फक्त एक गोष्ट : लेखन. ही विद्या आता आपल्या डोळ्यांदेखत लोप पावत आहे. लहान इंजिनाचे चाक दुरुस्त करणे आणि त्याच्या ठिणगीची वेळ जुळविणे, एवढाच माझा आजचा विषय. तो लहान आहे, पण त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही.

१. छावणी, रेल्वे आणि यंत्रे

‘लष्कर’ हे नावच सांगते की या वस्तीचा जन्म छावणीतून झाला. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचे पुढे नगर झाले. छावणी म्हटली की केवळ शिलेदार नव्हेत. लोहार, सुतार, ओतारी, नालबंद, तोफांचे गाडे दुरुस्त करणारे कारागीर हेही आलेच. त्याआधी महादजींच्या काळात द बॉइन याने उभारलेल्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालत होता. त्या ओताऱ्यांपासून आजच्या मिस्त्रींपर्यंत सरळ वंशावळ काढण्याचा मोह मी टाळतो, कारण तिला कागदोपत्री आधार मजजवळ नाही. एवढे मात्र निश्चित की लोखंड तापविणे, ठोकणे आणि जुळविणे या कामाला या भागात पिढ्यान्‌पिढ्या हात होते.

या हातांना नवी यंत्रे मिळाली ती माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत. १८९४ मध्ये त्यांच्याकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले आणि १९२५ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांना यंत्रांचा विलक्षण नाद होता. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर विजेने धावणारी चांदीची आगगाडी आजही पाहुणे कौतुकाने पाहतात. परंतु हा नाद मेजावर थांबला नाही. दोन फूट रुंदीच्या रुळांची ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली. तिसरा फाटा टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. जवळजवळ दोनशे किलोमीटरांचा हा श्योपूर मार्ग २०२० पर्यंत चालू होता. मग टाळेबंदीत गाड्या थांबल्या आणि रुंदीकरणासाठी तो कायमचा बंद झाला. रेल्वे म्हणजे केवळ रूळ आणि गाडी नव्हे. तिच्यामागे लेथ, भट्टी, फिटर, खलाशी, सुटे भाग आणि मोजमापाची सवय येते. ‘सूत’ आणि ‘गेज’ हे शब्द बाजारातल्या कारागिराच्या तोंडी बसतात ते अशा संस्थांमुळे.

याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान, मग नांगरांचा कारखाना आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. कोल्हापुरात ओतकामाचे आणि तेलइंजिनांचे कारखाने गल्लोगल्ली वाढले. आपल्या शेजारच्या आग्र्याने आणि दूरच्या राजकोटने इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्याची इंजिने ओतण्यास प्रारंभ केला आणि चंबळच्या खोऱ्यातील आटाचक्क्या, उसाचे चरक व विहिरीवरचे पंप त्यांवर फिरू लागले. इंजिन कोठे बनले याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. ते बिघडल्यावर कोणी दुरुस्त केले, याचा मात्र एक परिच्छेदही आढळत नाही.

२. चाकाचे कार्य

विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र सांगतो. ज्याला इंग्रजी शब्दाने आपण फ्लायव्हील म्हणतो आणि ज्याला परिभाषाकारांनी ‘प्रचक्र’ असे नाव दिले, ते साधन आपल्या घरात फार जुने आहे. कुंभार चाकाला काठीने गती देतो, काठी बाजूला ठेवतो आणि दोन्ही हातांनी मडके उठवितो; तोवर चाक फिरतच राहते. चाकाच्या जड कडेत साठविलेली गती तो सावकाश खर्च करतो. इंजिनाचे चाक हेच करते.

निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये जर्मनीत यशस्वी केलेल्या चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांतून एकदाच शक्ती मिळते. उरलेले तीन फटके—धूर बाहेर टाकणे, नवा वायू आत घेणे, तो दाबणे—ही कामे चाकाने द्यावयाच्या कर्जावर चालतात. लिस्टर नमुन्याचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे करते. म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे वेळा त्याला धक्का मिळतो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात जाते फिरत ठेवण्याचे काम त्याच्या दोन्ही बाजूंची अवजड चाके करतात. चक्कीवर दळण घेऊन गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने तो ठेका ऐकला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले जाते आणि ते आपोआप पेटते. म्हणून तेथे जुळवावी लागते ती तेल सोडण्याची वेळ. स्कूटर, मोटरसायकल, लहान जनरेटर यांच्या पेट्रोल इंजिनात मात्र ठिणगी हवी, आणि ती नेमक्या क्षणी हवी.

३. ठिणगीचा प्रवास

आरंभी ठिणगीचे मोठेच कोडे होते. फ्रान्समध्ये लन्वार याने १८६० मध्ये बॅटरी आणि वेटोळे वापरून ठिणगी पाडली. ओटोच्या पहिल्या इंजिनात उघडी ज्योत एका सरकत्या झडपेतून आत दाखविली जाई. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश याने १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी चुंबकाने वीज निर्माण करणारे ‘मॅग्नेटो’ तयार केले. दहा वर्षांनी ते द दिआँ-बूताँच्या तीनचाकीवर बसले आणि १९०२ मध्ये बॉशचा सहकारी होनोल्ड याने उच्च दाबाचे मॅग्नेटो व ठिणगीचा प्लग यांची जोडी सिद्ध केली. बॅटरीची गरज उरली नाही. चुंबक फिरला की वीज, आणि वीज अडविली की ठिणगी.

चुंबक आणि चाक यांचे लग्न लावण्याची कल्पना येथून पुढची. हेन्री फोर्ड याच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडीत चाकावरच सोळा चुंबक बसविले होते. जे चाक नाही तरी फिरणारच आहे त्याच्याकडूनच वीज घ्यावी, ही काटकसर लहान इंजिनाला फारच मानवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर जी लहान दुचाकी वाहने निघाली त्यांत ही रचना सर्वत्र पसरली. इटलीच्या व्हेस्पात तर चाकालाच पंख्याची पाती दिली. एकच चाक गती साठविते, वीज निर्माण करते आणि वाराही घालते. हीच व्हेस्पा १९६० च्या सुमारास पुण्याच्या बजाज कारखान्यातून भारतीय रस्त्यांवर आली आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ पासून ‘चेतक’ या नावाने घराघरांत पोहोचली. राजदूत, लॅम्ब्रेटा आणि ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर भरगच्च प्रवासी घेऊन धावणारे टेंपो ही याच पिढीची भावंडे. आपल्या मिस्त्रींनी या चाकाला सरसकट ‘मॅग्नेट’ हेच नाव दिले. नाव शास्त्रशुद्ध नसेल, पण त्याचे मुख्य कार्य त्यांनी अचूक ओळखले होते.

४. टायमिंग बांधणे

आता मुख्य कौशल्याकडे वळतो. दट्ट्या वर येऊन वायू पूर्ण दाबला गेला की ठिणगी पडावी, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ती त्याआधी पडावी लागते, कारण वायू क्षणार्धात पेटत असला तरी त्या क्षणार्धालाही वेळ लागतो. मिनिटाला तीन हजार फेरे करणारे इंजिन एका सेकंदात अठरा हजार अंश फिरते. ठिणगी बावीस अंश आधी पाडली, तर दट्ट्या माथ्यावर पोहोचेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सव्वापट एवढाच अवकाश मिळतो. तेवढ्यात ज्योत पसरली पाहिजे. ठिणगी फार आधी पडली तर चढत्या दट्ट्यावर उलटा घाव बसतो. इंजिन खडखडते, तापते आणि किक उलटून पायावर येते. फार उशिरा पडली तर ज्योतीचे बळ धुराड्यात वाया जाते. सायलेन्सर लाल होतो आणि गाडी चढावर दम टाकते.

ही वेळ ठरते ‘पॉइंट’ उघडण्यावर. चाकाच्या तुंब्यावर एक उंचवटा असतो. तो फिरत येऊन फायबरच्या टाचेला उचलतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून वेटोळ्यात ठिणगीची वीज उसळते. शेजारचा कंडेन्सर पॉइंटवरची फुकट ठिणगी आवरतो. दोन पॉइंटमधील फट साधारणतः मिलिमीटरच्या चार दशांशांच्या आसपास असते. ही फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. टाच झिजून फट कमी झाली तर ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी फट, मग वेळ, हा क्रम. तो उलटला की केलेले काम वाया.

आमच्या महाविद्यालयात अंश मोजण्याची तबकडी होती आणि लुकलुकत्या प्रकाशात फिरते चाक स्थिर दाखविणारा दिवाही होता. मिस्त्रीजवळ यांपैकी काही नसे. तरीही दाल बाजाराजवळच्या एका वृद्ध मिस्त्रीची पद्धत पाहून मी थक्क झालो. प्लगच्या भोकातून तो सायकलची एक तार दट्ट्यावर टेकवीत असे. दट्ट्या माथ्याजवळ असताना चाक थोडे फिरविले तरी तार हलत नाही. त्यामुळे माथा नेमका कोठे, हे तारेवरून थेट कळत नाही. तो काय करी? माथ्याच्या अलीकडे तारेवर एक खूण घेऊन चाकावर खडूची रेघ मारी. मग चाक पुढे नेऊन तार पुन्हा त्याच खुणेवर आली की दुसरी रेघ मारी. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये तो माथा धरी. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हीच पद्धत शास्त्रशुद्ध म्हणून दिलेली असते. त्याला ती कोणी शिकविली, असे मी विचारले. तो म्हणाला, “उस्तादने दिखाया था, मास्टरसाहब. पूछने की आदत तब नहीं थी।”

पॉइंट उघडण्याचा क्षण तो कागदाने पकडी. सिगारेटच्या पाकिटातला किंवा पतंगाचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून, तो हलकेच ओढत चाक फिरवावयाचे. ज्या क्षणी कागद सुटतो, तोच ठिणगीचा क्षण. बॅटरीवरचा लहानसा बल्ब जोडूनही हे करता येते, परंतु कागदाला बॅटरी लागत नाही. शेवटची परीक्षा कानाची. इंजिन सुरू झाल्यावर तो हात थांबवी, मान कलती करी आणि ऐके. आवाज ‘बंद’ आहे की ‘खुला’, हे त्याचे शब्द. कधी तो तबकडी केसभर सरकवी. ते केसभर सरकविणे म्हणजे एक-दोन अंश, हे मी पुढे दिव्याखाली मोजून पाहिले आहे.

५. चाकाची दुरुस्ती

वेळ जुळवूनही गाडी पुन्हा बिघडली, की अनुभवी मिस्त्री पॉइंट सोडून चाकाकडे वळे. चाक आसाच्या निमुळत्या टोकावर बसते आणि त्याची जागा एक अर्धचंद्राकृती चावी ठरविते. पुष्कळांचा समज असा की चाकाचा सगळा भार ती चावी पेलते. तसे नाही. भार पेलतो निमुळत्या पृष्ठांचा घट्ट मिलाफ. चावी फक्त जागा दाखविते. नट सैल राहिला की मिलाफ सुटतो, भार चावीवर येतो आणि ती कातरली जाते. वीस मिलिमीटर जाडीच्या आसावर अर्धा मिलिमीटर सरकणे म्हणजे जवळजवळ तीन अंशांचा फरक. ‘चाबी कट गई’ या तीन शब्दांत मिस्त्री हे सारे सांगत असे.

यावर केवळ नवी चावी घालणे हा अडाणी इलाज. जाणता कारागीर आसाचे आणि तुंब्याचे निमुळते पृष्ठ तपासी, उठलेली कोर कानशीने काढी, व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावून चाक हाताने अर्धवर्तुळात मागेपुढे फिरवी आणि दोन्ही पृष्ठांवर सारखा करडा रंग येईपर्यंत घाशी. मग सारे पुसून कोरडे करून चाक बसवी. तेल लावत नसे, कारण येथे घर्षण हाच मित्र.

चाक उतरविण्याचीही एक नीती होती. त्यासाठी पुलर वापरावा. हातोडा मारू नये. घावाने आस वाकतो, तुंब्याच्या रिबिटी ढिल्या होतात आणि जुन्या प्रकारच्या चुंबकाचे बळही घटते. असे चाक उतरवून ठेवताना चुंबकांच्या टोकांवर नरम लोखंडाची पट्टी टाकावी, म्हणजे चुंबकत्व टिकते. ज्या चाकाचे बळ गेले त्याला तांब्याच्या मोठ्या वेटोळ्यांच्या मध्ये ठेवून बॅटरीच्या प्रवाहाचा एक झटका दिला जाई. याला ‘मॅग्नेट चार्ज करणे’ म्हणत.

चक्कीच्या इंजिनाच्या बिडाच्या चाकाचे काम निराळे आणि अधिक जबाबदारीचे. कुंभाराचे गिऱ्हाईक मडके वाजवून घेते, तसे हे चाक टांगून हातोडीने वाजवितात. अखंड बीड घणघणते. तडा असेल तर आवाज मुका येतो. तुंब्याला तडा असल्यास त्याभोवती तापवून लाल केलेले लोखंडी कडे चढवीत. ते निवताना आक्रसते आणि तडा आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोहार जी धाव चढवितो तिचीच ही विद्या. कडेलाच तडा असेल तर मात्र चाक भंगारात टाकावयाचे, मालकाने कितीही विनवणी केली तरी. यामागे गणित आहे : कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दीडपटीहूनही कमी वाढला तरी ताण दुप्पट होतो. गव्हर्नर बिघडून इंजिन पळाले तर तडा गेलेले चाक फुटते आणि त्याचा तुकडा भिंत फोडून जातो. चाक नाकारणाऱ्या मिस्त्रीची त्या दिवसाची मजुरी बुडत असे. मालकाला ते पटत नसे. तरीही तो नाकारीत असे. या नकारात जे व्यावसायिक शील आहे ते आपण पदवीदानाच्या शपथांतून शिकवितो. तेथे ते शपथेविना होते.

६. कान आणि कागद

आता ज्या प्रश्नासाठी हा सारा प्रपंच, त्याकडे येतो.

ग्वाल्हेरने एक विद्या कानातून कागदावर उतरताना पाहिली आहे. ख्यालगायकी गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात जात असे. शंकर पंडितांच्या घराण्यातील कृष्णराव पंडित यांनी १९१४ मध्ये येथे संगीत विद्यालय काढले. १९१८ मध्ये माधवरावांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैय्या पूछवाले यांच्यासारख्या पारंपरिक गायकाने नवी स्वरलिपी आत्मसात केली. भातखंड्यांनी मराठीत क्रमिक पुस्तकांची माला लिहिली आणि उस्तादांच्या कंठातील शेकडो बंदिशी लेखनिविष्ट केल्या. त्या वेळी विरोध झाला. मींड आणि श्रुती कागदावर उतरत नाहीत, हा आक्षेप खोटाही नव्हता. परंतु जे उतरले ते वाचले, हेही खरे.

यंत्रविद्येच्या बाबतीतही असा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन काढले, ते देशी भाषांतून शिल्पविद्या शिकविण्यासाठी. १९२० पासून किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या नियतकालिकाने आणि नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाने कारखानदारीला मराठी वाचकाच्या घरात आणले. आमच्या ग्वाल्हेरातही १९५७ मध्ये माधव अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु यांतील ज्ञान वरून खाली, पुस्तकाकडून हाताकडे वाहत होते. हाताकडून पुस्तकाकडे येणारा प्रवाह आपण खोदला नाही. ज्या संस्थानिकाने गवयाचा कान कागदावर उतरविण्यास आश्रय दिला, त्याच्याच नगरीत मिस्त्रीचा कान कोणी टिपून घेतला नाही.

असे का झाले? माझे उत्तर काहींना रुचणार नाही. लष्करातील आम्ही मराठी मंडळी बहुतांशी दरबाराच्या, कचेरीच्या आणि शाळेच्या आश्रयाने वाढलो. लेखणी आमच्या हाती होती. हातोडा आणि पाना ज्यांच्या हाती होता ते निराळ्या जातीचे, निराळ्या धर्माचे, निराळ्या मोहल्ल्यांतले. आम्ही त्यांच्याकडे स्कूटर दिली, पैसे दिले, क्वचित घासाघीस केली. त्यांची विद्या ही विद्या आहे असे मानले नाही. गवई दरबारात बसत होता म्हणून तो दिसला. मिस्त्री रस्त्यावर बसत होता म्हणून तो दिसूनही दिसला नाही. लेखणी आणि पाना यांच्यामधील हे अंतर हीच आपल्या औद्योगिक मागासलेपणाची एक मुळी आहे, असे माझे मत झाले आहे. मास्तरकी सोडून कारखान्यात उतरणारे लक्ष्मणराव आपल्याला वंदनीय वाटतात, ते हे अंतर ओलांडणारे विरळाच म्हणून.

७. अस्ताचा काळ

या विद्येचा अस्त कोणा एकाच्या दुष्टाव्याने झालेला नाही. १९९० च्या दशकात पॉइंटची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक ठिणगीने घेतली. तिच्यात झिजणारी टाच नाही, सरकणारी फट नाही. २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि दोन फटक्यांची इंजिने मागे पडली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्याच्या नियमांनंतर नव्या दुचाकींत इंधनही संगणकाच्या आज्ञेने फवारले जाते आणि ठिणगीची वेळ दर फेऱ्याला तोच ठरवितो. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यक होते. त्याचा खेद करणे शहाणपणाचे नाही. विजेवरच्या गाडीत तर ठिणगीच नाही. ‘चेतक’ हे नावही २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले.

बाजारपेठेतही तेच झाले. वीज वारंवार जाण्याच्या त्या वर्षांत जयेंद्रगंजच्या दुकानांपुढे लहान जनरेटरांची रांग लागलेली असे. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविलेल्या त्या यंत्रांचे प्लग काजळीने बुजत आणि मिस्त्रीला रात्री उशिरापर्यंत उसंत नसे. इन्व्हर्टर आला आणि ती रांग गेली. ज्यांनी तरुणपणी या कामावर संसार केले, त्यांचे हात आता थकले आहेत. त्यांच्या मुलांनी मोबाइलची दुकाने काढली, कोणी परगावी गेले. त्यांना दोष कसा देणार?

परंतु तंत्र मागे पडणे वेगळे आणि त्याची स्मृती पुसली जाणे वेगळे. तोफा गेल्या तरी तोफखान्याचा इतिहास आपण लिहितो. श्योपूरची छोटी गाडी गेली तरी तिची छायाचित्रे, वेळापत्रके, इंजिने जपली जातात. मिस्त्री मात्र आपल्यामागे कागद ठेवीत नाही. त्याचे दफ्तर म्हणजे त्याचे बोट आणि त्याचा कान. तो गेला की दफ्तरखाना जळाला, असे समजावे.

८. समारोप

म्हणून या शाळेपुढे, आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांपुढे, मी एक साधी योजना ठेवतो. तिला मोठा निधी लागणार नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी दोन-दोनच्या गटाने लष्कर, मुरार आणि हजिऱ्यातील जुन्या मिस्त्रींकडे जावे. त्यांना मान देऊन, त्यांच्या सवडीने, चार गोष्टी टिपून घ्याव्यात : काम कोणाकडून शिकले, कोणती हत्यारे स्वतः बनविली, बिघाड कोणत्या आवाजावरून ओळखतात, आणि कोणत्या वस्तूला कोणता शब्द वापरतात. त्यांच्या संमतीने आवाज आणि हातांच्या हालचाली ध्वनिचित्रित कराव्यात. शब्द जसे उच्चारले तसेच लिहावेत. हिंदी, उर्दू, इंग्रजी, बुंदेली यांची सरमिसळ ‘शुद्ध’ करण्याचा खटाटोप करू नये. प्रयोगशाळेच्या एका कपाटात एक जुने मॅग्नेट, एक पुलर, पॉइंटची जोडी आणि पतंगाचा कागद ठेवावा, आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा पाठ त्यावरूनच द्यावा. फॅराडेचा नियम फळ्यावर कळतो. मॅग्नेट फिरवताना बोटाला झटका बसला की तो विसरत नाही.

यातून कोणाला पॉइंट जुळविण्याचा रोजगार मिळेल, असा माझा दावा नाही. मिळेल ते दुसरेच. माथा सापडत नसेल तर त्याच्या दोन बाजू मोजून मध्य काढावा. चावीवर भार टाकू नये, मिलाफ नीट करावा. कडेला तडा असेल तर नाही म्हणावे. ही तीन सूत्रे ज्याला हाताने कळली, तो संगणकापुढे बसला काय किंवा विजेची मोटर उघडून बसला काय, चांगलाच कारागीर होईल. आणि ही सूत्रे आपण कोणाकडून घेतली, हे त्याला नावानिशी ठाऊक असेल. इतिहासाचे याहून मोठे प्रयोजन मला माहीत नाही.

 गुरुजींच्या पवित्र स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.